खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: फिल्टर कोणता घ्यावा?

प्रश्न: गोड्या पाण्यातले मासे मी बरीच वर्षं पाळतो आहे. आता ९० × ४५ × ४५ सें.मी.च्या टाकीत क्लाउनफिशची जोडी आणि आणखी दोन-तीन समुद्री मासे ठेवायचे आहेत, प्रवाळ नकोत. दुकानदार मोठा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) सुचवतो, मित्र सम्पचा (मुख्य टाकीखाली ठेवायची फिल्टरची दुसरी टाकी) आग्रह धरतो. काय घेऊ? — एक वाचक, पुणे

उत्तर: टाकी अजून बनवून घेतली नसेल तर सम्पच करा आणि कॅनिस्टरचे पैसे प्रोटीन स्किमरला लावा.

गोड्या पाण्यात अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरमधल्या स्पंजावर आणि सिरॅमिक रिंगांवर वाढतात. खाऱ्या टाकीत हे काम सच्छिद्र खडक करतो. तुमच्या टाकीला १२ ते १५ किलो पुरे. म्हणजे यंत्राकडे उरतं एकच मोठं काम: विष्ठा आणि उरलेलं खाणं सडण्याआधी पाण्याबाहेर काढणं. कॅनिस्टर घाण अडवतो, पण ती बंद डब्यात, त्याच पाण्यात सडत राहते आणि नायट्रेट चढत जातं. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटलेला सेंद्रिय मळ फेसाबरोबर वर कपात ढकलतो. तो कप ओतला की घाण टाकीबाहेर.

गोड्या पाण्याचा अनुभव इथे एका बाबतीत फसवतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. पीएच ७ च्या तुलनेत तिथे एकूण अमोनियापैकी विषारी हिस्सा दहा पटींहून अधिक असतो. शिवाय २५ अंशांना गोडं पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, खारं जेमतेम ६.८. स्किमर पाण्यात हवाही घुसळतो, म्हणून उन्हाळ्यात त्याची दुहेरी मदत होते.

आता मापं. तुमच्या टाकीत खडक-वाळू वजा जाता साधारण १५० लिटर पाणी राहील. खाली ६० × ३५ × ३५ सें.मी.चा सम्प ठेवा, त्यात पाणी २० सें.मी. चालू द्या; ते होतं ४२ लिटर. पहिल्या कप्प्यात वरून येणारं पाणी फिल्टर कापडाच्या पिशवीतून उतरू दे. पिशवी तीन-चार दिवसांनी धुवायचीच; आठवडाभर ठेवली तर तिचाही कॅनिस्टर झाला. दुसऱ्या कप्प्यात स्किमर, शेवटच्यात रिटर्न पंप (पाणी परत वरच्या टाकीत चढवणारा) आणि हीटर. स्किमरच्या कप्प्यातली पाण्याची पातळी आडव्या काचेने बांधलेली हवी, कारण बाष्पीभवनाने पातळी उतरते ती शेवटच्या कप्प्यात. तिथे रोज भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. मीठ उडून जात नाही, त्यामुळे खारं पाणी घालत राहिलात तर क्षारता वाढत जाईल.

रिटर्न पंप ताशी ९०० ते १,००० लिटर प्रत्यक्ष वर चढवणारा हवा. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढावर तो निम्म्याहूनही कमी होऊ शकतो, म्हणून किती उंचीवर किती पाणी चढतं हे दाखवणारा पंपाचा आलेख बघून घ्या. स्किमर मात्र कंपनी सांगते त्याच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या. टाकीतलं पाणी हलतं ठेवायला एक वेव्हमेकर वेगळा लागेल.

नळजोडणीत प्लंबर सवयीने पितळी व्हॉल्व्ह लावतो. तो काढायला लावा. खाऱ्या पाण्यात पितळेतून तांबं सुटतं आणि कोळंबी, शंख मरतात. सगळं पीव्हीसीच. काच जोडायलाही बुरशीरोधक सिलिकॉन चालणार नाही.

हे सगळं जोडून झालं तरी मासे लगेच नाहीत. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारतेचं पाणी भरा. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ लागतं, पाकिटावरचं प्रमाण बघून रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायचं उपकरण) पक्कं करा. साऱ्या १९० लिटर पाण्यात सव्वा ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया सुमारे २ पीपीएमवर (दहा लाखांत २ भाग) येतो. तो आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की फिल्टर तयार. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मग थोडं पाणी बदलून आधी फक्त क्लाउनची जोडी सोडा.

प्रश्न: टाकी आधीच घेतली आहे, तिला भोक नाही. लटकवता येणारा ओव्हरफ्लो (काठावरून सायफनने पाणी खाली सम्पमध्ये उतरवणारा डबा) लावू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: नको. त्यात हवा साठून सायफन तुटला की वरचं पाणी उतरत नाही, रिटर्न पंप मात्र चढवत राहतो आणि टाकी जमिनीवर वाहते. मागची काच टफन (तापवून कडक) केलेली नसेल तर काचवाल्याकडून टाकी रिकामी असताना वरच्या कोपऱ्यात भोक पाडून घ्या. टँक कनेक्टर (भोकात बसवून नळ जोडायचा तुकडा) आधी विकत घ्या, त्याच्या मापाने भोक. टफन काचेला भोक पाडायला गेलात तर तिचा चुरा होईल. काच तशी असेल तर काठाला टांगायचा स्किमर आणि सोबत छोटा कॅनिस्टर हाच मार्ग, फक्त स्पंज दर आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं.

प्रश्न: रामेश्वरमकडचा लाइव्ह रॉक (समुद्रातून जिवाणूंसकट काढलेला प्रवाळाचा खडक) स्वस्तात मिळतो आहे. घेऊ का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: घेऊ नका. प्रवाळभित्ती बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही. कायदा नसता तरी आम्ही नकोच म्हटलं असतं, कारण तो खडक म्हणजे फोडून आणलेलं रीफ आहे. सिरॅमिक किंवा कृत्रिम अॅरागोनाइटचा (चुनखडीसारखं एक खनिज) कोरडा खडक घ्या. सिमेंटचा असेल तर पीएच चढायचा थांबेपर्यंत पाणी बदलत भिजवा. याला काही आठवडे जातात.

प्रश्न: नवा स्किमर आधी उतू जात होता, आता फेसच येत नाही. बिघडला का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: बहुधा नाही. नव्या स्किमरच्या अंगावरचा तेलकटपणा जायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर तो लहरीच वागतो. क्लोरीन मारणारं औषध घातलं की दिवसभर उतू जातो. हाताची क्रीम किंवा तेलकट खाणं पाण्यात गेलं की फेस बसतो. टाकीत अजून मासे नसतील तर फेस यायला मळच नाही. आधी कप्प्यातली पातळी मोजा, मग हवेची नळी बघा: तिच्या तोंडाशी मिठाचा थर बसतो, कोमट पाण्याने निघतो.

प्रश्न: आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते. सम्प भरून वाहील का? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर: पहिल्या उत्तरातल्या मापाने हिशेब करा. टाकीतलं १ सें.मी. पाणी म्हणजे ४ लिटर. पंप थांबला की रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. तोंड २ सें.मी. खोल असेल तर ८ लिटर, ८ सें.मी. असेल तर ३२. सम्पमध्ये मोकळी जागा ३१ लिटरची. तेव्हा तोंड पृष्ठभागालगत ठेवा आणि पाण्याच्या रेषेच्या जरा खाली नळीला ५ मि.मी.चं भोक पाडा. त्यातून हवा शिरली की सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, दर आठवड्याला काडीने साफ करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भरवशावर राहू नका. एक शंख अडकला तरी तो उघडा राहतो.

इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर घ्या किंवा बॅटरीचा एअर पंप ठेवा, रिटर्न पंप नंतर. कॅनिस्टर असेल आणि तो काही तास बंद राहिला तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतल्या जिवाणूंनी प्राणवायू संपवलेला असतो आणि ते कुजकं पाणी थेट माशांवर येतं. डबा उघडून पाणी ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा, मगच चालू करा.