पक्षाघात आधारगट चालवायचाय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यजमानांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, आता काठी घेऊन चालतात. आमच्या भागात रुग्ण आणि घरच्यांसाठी गट सुरू करावा म्हणते. पण मी साधी बी.कॉम.; चालेल?

उत्तर : चालेल. गटात उपचार होत नाहीत. गोळ्या, व्यायाम यांबद्दल कुणी विचारलं, तर डॉक्टरांकडे किंवा फिजिओकडे पाठवायचं. मात्र कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर बैठक थांबवून लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. जागा तळमजल्याची घ्या.

प्रश्न : गटातल्या एका काकांची वाचा गेली आहे. त्यांच्या वतीनं काकूच बोलतात. काय करू?

उत्तर : हा वाचाघात. शब्द सापडत नाहीत, समजही थोडीफार अडखळू शकते. पण अक्कल शाबूत असते. मोठ्यानं बोलू नका, काका बहिरे नाहीत. कागदावर ठळक अक्षरांत 'चहा' आणि 'कॉफी' लिहा, त्यांच्यापुढे सरकवा आणि थांबा. ही शांतता इतरांना खुपते, कुणीतरी शब्द पुरवतंच. त्याला हातानं अडवा. काका बोट ठेवतील, कदाचित 'च' पर्यंत येतील. काकूंना मात्र चारचौघांत 'त्यांना बोलू द्या' म्हणू नका, पुढच्या वेळी दोघंही यायचे नाहीत. कप मांडायला त्यांची मदत घ्या, तेवढ्यात काकांकडे बघून विचारा. (चहा देण्याआधी गिळताना ठसका लागतो का, हे घरच्यांना विचारलेलं बरं. पातळ पेय श्वासनलिकेत जाऊ शकतं.)

प्रश्न : एक सभासद लकव्यावरच्या गावठी औषधाचा पत्ता वाटतात.

उत्तर : अनुभव सांगा, पत्ता वाटू नका, विक्री तर नाहीच, हा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा. त्यांची टर उडवू नका. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, एवढं मात्र सर्वांना ठणकावून सांगा. दुसऱ्या झटक्याची भीती तिथंच असते.

प्रश्न : एक सून म्हणाली, "आता सासरे सुटले तर बरं." सगळे गप्प झाले.

उत्तर : 'असं बोलू नये' म्हणालात, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. रात्री किती वेळा उठावं लागतं, विचारा. सेवा करणाऱ्यांना रुग्णांपासून वेगळा अर्धा तास द्याच. ही वाक्यं सासऱ्यांच्या कानावर कशाला? सून स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलू लागली, तर एकटीला सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिथंच लावून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.