बाबा गेल्यानंतरच्या सुट्टीत एका मुलीवर जीव जडला. हे प्रेम की नुसता दुःखातला आधार?

सतरा वर्षांची आहेस असं लिहिलंयस, म्हणून अगं-तुगं करते. वडील गेल्यावर आजोळी आलीस, तिथल्या एका मुलीत जीव अडकला, आणि दुःखाने आपलं डोकं तर फिरलं नाही ना, असं विचारतेयस. मीही चार वर्षं याच प्रश्नाशी झटत होते.

माझे बाबा २०१४च्या फेब्रुवारीत गेले. तेराव्यानंतर आठवड्याभरात दहावीचा पहिला पेपर. परीक्षा संपल्याबरोबर आईने मला देवगडजवळ आजीकडे धाडलं. तिलाही एकटीने रडायचं असणार, हे आत्ता कळतं. तिकडे हापूसचा हंगाम, माझ्याकडे बघायला कोणाला सवड नाही. मला तेच हवं होतं.

शेजारची एक मुलगी पेट्या भरायला यायची, माझ्याच वयाची. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला आंबा देठ न मोडता कसा धरायचा, पेंढ्यात कसा निजवायचा, तिने शिकवलं. पहिल्याच दिवशी चीक उडून माझं मनगट भाजलं. तिने खोबरेल आणलं आणि गप्पपणे चोळत बसली. येणारा-जाणारा मला "आता तूच आईचा आधार" ऐकवून जायचा. तिने विचारलं, "तुझे बाबा आंबो कसो खायत?" म्हटलं, चोखून, शर्टावर डाग पाडून. मग हसले, रडले, परत हसले.

पेटीच्या तळाला रद्दी घालायचो. एका दुपारी हातात डिसेंबरचा पेपर आला. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला होता, समलैंगिक संबंध पुन्हा गुन्हा. 'समलैंगिक' हा शब्द स्वतःला लावून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. (कलम ३७७ कृतीबद्दल होतं, कोणी आवडण्याबद्दल नव्हे. पण सोळाव्या वर्षी एवढं कोण जाणतं?) मी कागद चुरगाळून फेकला. तिने उचलला, सरळ केला, वाचला, पेटीत अंथरला आणि वर आंबे रचले. "जाव दे तो वाशीच्या बाजारात," म्हणाली.

बाकी काही नाही. रात्री पडवीत गप्पा, हातात हात. मृगाच्या आधी मी परत आले. मग फोन, मग कमी फोन, मग तिचं लग्न ठरल्याचं आजीकडून कळलं.

दुःखाने ते घडवलं असं मला वाटत नाही. एरवी सगळ्यांसमोर जे सोंग चालायचं, ते करायला त्राण नव्हतं, एवढंच. पुढे कॉलेजात दुसऱ्या मुलीला बघून पोटात तेच व्हायला लागलं, आणि तेव्हा घरात कोणी गेलेलं नव्हतं. मग मी मान्य केलं. तुझं वेगळंही निघेल. नाव द्यायची घाई करू नकोस.

घरी सांगायचीही घाई नको. शिक्षणाचा खर्च त्यांच्या हातात आहे, हे रोखठोक बोलते. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालापासून दोन सज्ञान व्यक्तींचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही. लग्नाला मात्र २०२३मध्येही कोर्टाने मान्यता दिली नाही. झोप, जेवण उडालं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि एक राहिलं. त्या मुलीशी बाबांबद्दल बोलतेस का? ते काही लिहिलं नाहीस.