निवृत्तीनंतर मेडिक्लेम घ्यावा की तेवढी रक्कम बाजूला ठेवावी?

प्रश्न : दोन महिन्यांनी साठ पूर्ण करून निवृत्त होतोय. कंपनीचा ५ लाखांचा आरोग्यविमा त्या दिवशी संपेल. पत्नी ५८ वर्षांची, तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोघांच्या १० लाखांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला ६८,००० सांगितलाय. त्यापेक्षा १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवून दवाखान्याचा खर्च त्यातून केला तर?

उत्तर : १५ लाख जरूर बाजूला ठेवा, पण विम्याच्या जोडीला, विम्याऐवजी नव्हे. आणि आधी विम्याचं काम उरका. ठेव चार महिन्यांनीही करता येईल, विम्याचं तसं नाही.

कंपनीचा गटविमा ज्या विमा कंपनीचा आहे, तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा. अर्ज निवृत्तीच्या किमान दीड महिना आधी, लेखी द्या. गटविम्यात काढलेली वर्षं मग ५ लाखांपुरती प्रतीक्षा कालावधीत (ज्या काळात ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही) धरली जातात. वाढीव ५ लाखांसाठी मोजणी नव्याने सुरू होते. आधीच्या आजारांसाठी हा कालावधी आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. कंपनी वैद्यकीय तपासणी मागेल. पत्नीचा मधुमेह, रक्तदाब, चालू गोळ्या, सगळं अर्जात लिहा. एजंट ‘नका लिहू’ म्हणाला तरी लिहा. पहिल्या ५ वर्षांत लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारता येतो आणि ऐन गरजेच्या वेळी तुम्ही तोंडघशी पडाल.

हप्त्यापेक्षा जास्त वेळ खोलीभाड्याच्या अटीवर घालवा. समजा मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. सहा दिवसांचं भाडं ४८,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग १,६०,०००, औषधं आणि तपासण्या १,००,०००, एकूण ३,०८,०००. कंपनी भाड्याचे ३०,०००च देईल, पण कात्री तिथेच थांबत नाही. डॉक्टर वगैरेंचे १,६०,००० देखील ५/८ प्रमाणात कापून १,००,००० वर येतात. औषधं-तपासण्यांना हे प्रमाण लागत नाही. म्हणजे मिळाले २,३०,०००. त्यावर २० टक्के को-पे (दाव्यातला तुम्ही सोसायचा वाटा) असेल तर हाती १,८४,०००, आणि १,२४,००० खिशातून. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली, को-पे नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या. १० लाखांचा हप्ता झेपत नसेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे खर्च ५ लाखांच्या वर गेला की पुढचं देणारी जोड-पॉलिसी. साधा टॉप-अप नको, तो प्रत्येक बिल वेगळं मोजतो, सुपर टॉप-अप वर्षाची बिलं एकत्र धरतो : वर्षात ४ लाख आणि ३ लाखांची दोन बिलं आली तर तो एक पैसाही देत नाही, सुपर टॉप-अप वरचे २ लाख देतो.

आता १५ लाखांचं. ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५०, वर्षाला १,२३,००० व्याज येतं आणि ते पाच वर्षं तेवढंच राहतं. हप्ता मात्र वाढत जातो. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी (विमा नियामकाशी) सल्लामसलत करावी लागते, पण १० टक्क्यांनीही सात वर्षांत ६८,००० चे सुमारे १,३२,५०० होतात. म्हणजे सगळं व्याजही पुरणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी हप्ता भरून उरणारे ५५,००० घरखर्चात मिसळू नका. वेगळ्या खात्यात साठवा, पुढचे हप्ते त्यातून जातील.

आणि १५ लाख एकाच खात्यात नकोत. या योजनेत थोडेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दुसऱ्या वर्षात बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. साडेपाच-साडेपाच लाखांची दोन खाती उघडा आणि उरलेले ४ लाख बँकेच्या स्वीप ठेवीत (बचत खात्याला जोडलेली, हवे तेव्हा पैसे काढता येणारी मुदत ठेव) ठेवा. ओपीडी, दात, चष्मा, श्रवणयंत्र, घरी ठेवलेली परिचारिका यांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत, तो इथून करायचा. सुरुवातीला व्याज थोडं कमी येईल, पण रात्री दोन वाजता दवाखान्यात अनामत भरायला पैसे हाताशी असतील.

तुमची सत्तरी झाली की उत्पन्नाची अट न घालता सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल, वर्षाला ५ लाखांचं. खाजगी पॉलिसी असली तरी ते चालतं, मात्र योजनेतल्या रुग्णालयांतच. त्याच्या भरवशावर तोवरची दहा वर्षं मोकळी सोडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही; सांगितलेल्या ६८,००० मध्ये तो धरलाय का, हे आजच विचारून घ्या.