१९४८ च्या फोर्ड व्ही-८ फ्लॅटहेड इंजिनाची ताकद कशी वाढवावी?

तुम्ही लिहिले आहे की आजोबांनी घेतलेली १९४८ ची फोर्ड पुण्यात सपाट रस्त्यावर नीट धावते, पण खंबाटकीच्या चढाला लागली की दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकते. आणि अमेरिकेतून दोन कार्ब्युरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागांचे) मॅनिफोल्ड, म्हणजे ते मिश्रण सिलिंडरांत पोहोचवणारी नळ्यांची जोडणी, मागवले तर फरक पडेल का, असे विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की घाटातली तक्रार त्याने सुटणार नाही. मी मिशिगनमध्ये राहतो, माझ्याकडे याच घराण्यातल्या इंजिनाची १९५० ची फोर्ड आहे, आणि ते मॅनिफोल्ड मी स्वतः हौसेने आधी विकत घेतले आणि कारण नंतर समजून घेतले.

तुमचे इंजिन २३९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.९ लिटरचे आहे. कारखान्याच्या आकड्यांनुसार त्याची १०० अश्वशक्ती मिनिटाला ३८०० फेऱ्यांवर मिळते, पण सर्वाधिक ओढ, म्हणजे टॉर्क, २००० फेऱ्यांच्या आसपासच मिळतो. घाटात तुमचे इंजिन याच दोन हजारांच्या परिसरात फिरत असते, आणि तिथे मूळचा एक कार्ब्युरेटर त्याला पुरेसा असतो. दुसऱ्या कार्ब्युरेटरचा उपयोग वरच्या फेऱ्यांवर, इंजिनाला हवा कमी पडू लागल्यावर होतो. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर वेगाच्या चाचण्या करणाऱ्या पोरांना तो हवा होता, कारण त्यांना सरळ रेषेत शेवटचा मैल जिंकायचा होता. तुम्हाला गाडीत चार माणसे बसवून चढ चढायचा आहे.

म्हणून आधी हे पाहा की मूळच्या १०० पैकी आज किती उरले आहेत. आठही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती दाबतो ते, मोजा आणि आकड्यापेक्षा सिलिंडरांमधल्या फरकाकडे लक्ष द्या. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढते ते मोजणारे यंत्र) लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी असताना संथ चालताना, पाऱ्याचे १८ ते २१ इंच दाखवते. पुण्याच्या उंचीवर त्यातून साधारण दोन इंच वजा करावे लागतात, तेवढ्यावरून इंजिन थकले असे समजू नका. काटा ठरावीक लयीत खाली झटके घेत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. १९४८ पर्यंतच्या या इंजिनांत टॅपेट (व्हॉल्व्हला खालून ढकलणारा भाग) जुळवायला स्क्रू नसतो. व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक घासूनच दोघांमधली फट जुळवावी लागते. ते कष्टाचे काम असल्याने ओव्हरहॉल करणारे पुष्कळदा ते तसेच सोडून देतात, आणि फट कमी राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू जळतो.

दुसरी चोरी उष्णतेची आहे. या इंजिनाचे व्हॉल्व्ह दोन रांगांच्या मधल्या खोबणीत असतात, पण एक्झॉस्ट मात्र बाहेरच्या बाजूने निघतो. म्हणजे जळालेला वायू सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या पोकळीला छेदत ब्लॉकच्या आरपार जातो. त्यातही प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना बाहेर पडायला दारे तीनच. मधल्या दोघांनी एकच दार वाटून घ्यायचे. एवढी उष्णता पाण्यात उतरल्यामुळेच याला दोन वॉटर पंप आणि भलेमोठे रेडिएटर लागते. माझा ब्लॉक उघडला तेव्हा पाण्याच्या पोकळीत तळाशी गंज आणि ओतकामाच्या वेळची वाळू घट्ट बसलेली होती. हँडब्रेकच्या जुन्या केबलचा तुकडा ड्रिलला लावून, तिचे पीळ सुटे करून मी ती खरवडत राहिलो. दोन संध्याकाळींत चहाचे मोठे दोन मग भरतील एवढा काळा चिखल निघाला. एकही नवा भाग न बसवता त्या उन्हाळ्यात गाडी चढावर तापायची थांबली. याच वेळी व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या भेगा चुंबकीय तपासणीने शोधून घ्या, कारण भेगाळलेल्या ब्लॉकवर केलेला पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

हे सगळे ठीक असेल, तरच ताकद वाढवण्याचा विचार करावा, आणि तुमच्या गरजेला पहिला उपाय कॉम्प्रेशन हा आहे. मूळचे प्रमाण ६.७५ ला १ आहे, ते साडेसात ते आठच्या दरम्यान नेले तर ओढ सगळ्याच फेऱ्यांवर वाढते. आजचे पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोकणे) पुष्कळ जास्त रोखते, त्यामुळे एवढ्याला भीती नाही. मात्र इथेच फ्लॅटहेडचा मूळ पेच आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असल्यामुळे मिश्रण वर उसळते, हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) छताखालून आडवे वळते आणि मग सिलिंडरमध्ये उतरते. कॉम्प्रेशन वाढवायला छत खाली आणावे, तर तीच वाट अरुंद होते आणि श्वास कोंडतो. वाट रुंद करायला ब्लॉकची कड कोरावी, तर कॉम्प्रेशन उतरते. इंग्रज अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर यावर तोड काढली ती अशी, की पिस्टनवरचे छत जवळजवळ टेकेल इतके खाली आणायचे आणि मोकळी जागा व्हॉल्व्हच्या बाजूला ठेवायची, म्हणजे शेवटच्या क्षणी मिश्रण दाबून बाजूला फेकले जाते, घुसळते आणि झपाट्याने जळते. म्हणून जुने हेड घासून पातळ करण्यापेक्षा, या हिशेबाने घडवलेली ॲल्युमिनियमची नवी हेड घ्यावीत असे मी सांगेन. एडलब्रॉक आणि ऑफेनहाउझर यांची मिळतात. ब्लॉक कोरण्याच्या भानगडीत रस्त्यावरच्या गाडीसाठी पडू नका.

नवे हेड कायमचे बसवण्याआधी मुलांच्या खेळण्यातली मऊ रंगीत माती पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर थापा, मातीला तेलाचे बोट लावा, जुने गॅस्केट घालून हेड आवळा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून ती माती ब्लेडने कापली की फट किती राहिली ते डोळ्यांनी दिसते. पिस्टनवर साधारण ५० हजारांश इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर राहिली पाहिजे. माझ्या एका सिलिंडरवर ती कागदाइतकी पातळ झाली होती. तसेच चालू केले असते तर पिस्टन हेडवर ठोकला असता. ॲल्युमिनियमचे हेड इंजिन थंड असतानाच आवळावे, आणि पाण्यात गंजरोधक कूलंट नेहमी असावे.

इंजिन पूर्ण उघडणारच असाल, तर १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरीचा (फोर्ड कंपनीच्याच दुसऱ्या गाडीचा) चार इंची स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा, क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा), त्याला जुळणारे रॉड आणि पिस्टन घालून, मूळच्या बोअरवरच (सिलिंडरच्या रुंदीवरच) इंजिन २५५ घनइंचांचे होते, आणि घाटासाठी याहून चांगले काही नाही. कारखान्याने स्वतः १९५३ मध्ये मर्क्युरीच्या २५५ मधून १२५ अश्वशक्ती काढली होती. तुम्हीही तेवढेच लक्ष्य ठेवा. बोअर मोठा करायचा मोह झाला, तर आधी भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्या. (याच्या पलीकडे काय होऊ शकते याचे नवल वाटत असेल, तर पुढे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीमुळे नावाजलेले झोरा आर्कस-डुंटॉव्ह यांनी चाळिसाच्या दशकात याच ब्लॉकसाठी वर व्हॉल्व्ह असलेली आर्डन हेड बनवली होती. पण मग ते फ्लॅटहेड राहत नाही.)

दोन कार्ब्युरेटर शोभेसाठी हवेच असतील, तर तुमचे एक सुदैव आहे: १९४८ च्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, फिरत्या वजनांच्या साह्याने पुढे सरकते. माझ्या १९५० च्या गाडीत ते केवळ कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमवर चालते, त्यामुळे मी जोडी बसवली तेव्हा टायमिंग सरकेनासे झाले आणि गाडी आधीपेक्षा मंद झाली.

एक गोष्ट इथे नसून तुमच्याकडे आहे, ती म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. या पेट्रोलवर मूळच्या जेटने (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राने) मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि पातळ मिश्रण चढावर इंजिन आणखी तापवते. मुख्य जेट दोन-तीन हजारांश इंचांनी मोठे करून प्लगचा रंग पाहा. पांढरट असेल तर अजून एक पायरी वर जा, फिकट तपकिरी आला की थांबा. इंजिनाच्या मागच्या बाजूला मॅनिफोल्डवर उभा असलेला पेट्रोल पंप खोलून त्याचा जुना रबरी पडदा इथेनॉल सोसणारा घाला, आणि हे काम हेड मागवण्याआधी, याच आठवड्यात करून टाका.