चांदण्यात ठेवलेली वस्तू सावलीतल्या वस्तूपेक्षा जास्त थंड होते, ती चंद्रप्रकाशामुळे का?

नाही. चांदणं म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, सुमारे 4 लाख पट मंद. त्याने झालाच तर नगण्य गरमपणा येईल. गारवा येतो तो मोकळ्या आकाशामुळे. निरभ्र, कोरड्या रात्री पत्रा, गच्ची, गवत दर चौरस मीटरमागे साधारण 50 ते 100 वॅट उष्णता अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात आकाशाकडे गमावतात. झाडाखाली किंवा छपराखाली तेच छत उष्णता परत खाली पाठवतं, म्हणून तिथली वस्तू उबदार राहते. कोजागरीचं दूध गच्चीवर लवकर निवतं, त्यातही वारा आणि वाफ यांच्याबरोबर हेच कारण आहे.

बहुतेकांचा प्रयोग इथेच चुकतो: चंद्र अडवताना ते सगळं आकाशच झाकतात. त्याऐवजी दोन सारख्या ताटल्या थर्माकोलवर उघड्यावर ठेवा. एकीपासून दीड-दोन मीटरवर काठीला पुठ्ठ्याचा लहान तुकडा लावा, फक्त चंद्राची सावली पडेल इतकाच. चंद्र सरकतो, तसा दर 10 मिनिटांनी पुठ्ठाही सरकवा. तासाभराने तापमान मोजा, फरक सापडणार नाही. अवरक्त थर्मामीटर चकचकीत स्टीलवर खोटं वाचन देतो, आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. अमावास्येलाही करून पाहा, आकाश तितकंच स्वच्छ असेल तर ताटली तेवढीच गार होते.