तालमीतला डबा, भरतीची सुई

क्रीडा-आरोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, वजन ५८ किलो. सकाळी तालीम, संध्याकाळी जिम. जिमचे सर म्हणतात, रोज तीन स्कूप व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पावडर) घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. दोन किलोचा डबा निम्म्या किमतीत मिळवून देतो, असेही तेच म्हणतात. घ्यावा का?
– एक पालक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आधी हिशेब करू. दोन वेळ सराव करणाऱ्या मुलाला वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.७ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तुमच्या मुलाला दिवसाला ७० ते १०० ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून १६, चार अंड्यांतून २४, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, दोन वाट्या घट्ट वरणातून १२-१३ आणि दिवसभराच्या चार-पाच भाकरी-चपात्यांतून २०च्या आसपास. झाले ८५. वर मूठभर फुटाणे किंवा रविवारचे मटण. वस्ताद खुराक म्हणतात तो हाच, आणि तो पुरतो.

तीन स्कूप म्हणजे आणखी सत्तरेक ग्रॅम. त्याचा स्नायू होत नाही. शरीर ते जाळते किंवा चरबी करून साठवते. पोट फुगते, जुलाब लागतात, काहींना मुरमे येतात. पोट गच्च असल्याने भाकरी सुटते ते वेगळेच. सरावाला लागणारे पिष्ट भाकरी-भातातून येते. ते कमी पडले की पोरगा संध्याकाळी गळून जातो आणि सर चौथा स्कूप सुचवतात! मूत्रपिंडे निरोगी असतील तर प्रथिनांनी ती निकामी होतात, ही भीती मात्र सरसकट खरी नाही. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

खरी मेख त्या ‘निम्म्या किमतीत’ आहे. प्रथिने मोजायची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते. पावडरीत ग्लायसिन किंवा टॉरिन ही स्वस्तातली नायट्रोजनयुक्त द्रव्ये मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिने भरतात, अंगी मात्र काही लागत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के पावडरींचा प्रथिनांचा दावा चुकीचा निघाला. काहींत लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने होती. काही नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असे बुरशीचे विषही सापडले.

तरीही डबा घ्यायचाच असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि परदेशी माल असल्यास आयातदाराचा पत्ता पाहा. डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून निश्चिंत होऊ नका, कारण बनावट डब्यावरचा क्यूआर बनावट संकेतस्थळावरच नेतो. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे कोड तपासा. पक्के बिल मागा. ते द्यायला का-कू झाली, तर डबा तिथेच ठेवा.

प्रश्न : मी कबड्डी खेळतो, वय १७. दोन महिने क्रिएटिन घेतोय. रक्त तपासले तर क्रिएटिनिन १.४ आले. किडनी गेली का?
– एक खेळाडू, सांगली

उत्तर : एवढ्या एका आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. क्रिएटिन ही स्नायूंना झटपट ताकद पुरवणारी पावडर. तिचे शरीरात क्रिएटिनिन होते, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ घटक. त्यामुळे पावडर घेणाऱ्याचा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही चढतो. आदल्या दिवशीचा जोरदार सराव आणि मटण यांचीही त्यात भर पडते. पावडर बंद करा आणि डॉक्टरांना ती घेत होता हे सांगा. बहुतेक जण नेमके तेच लपवतात. दोन-तीन आठवड्यांनी, आधीचे दोन दिवस जड व्यायाम न करता, रक्त पुन्हा तपासा. सोबत लघवीतील प्रथिनांची चाचणी करा. शंका उरलीच तर सिस्टाटिन-सी ही चाचणी आहे; तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. पायावर सूज, फेसाळ लघवी किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर मात्र पावडरीला दोष देत थांबू नका, लगेच दाखवा.

रोज ३ ते ५ ग्रॅम हे प्रमाण प्रौढांसाठी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ वर्षांखालील मुलांना क्रिएटिन घेऊ नका असेच सांगते. आठवडाभर रोज २० ग्रॅमचे ‘लोडिंग’ तर सोडाच. त्याने पोट बिघडते आणि अंगात पाणी धरून वजन किलो-दोन किलोने वाढते. वजनगटाच्या स्पर्धेत ते तुम्हालाच महागात पडेल.

प्रश्न : भरतीच्या १६०० मीटरआधी काही मुले एक इंजेक्शन घेतात, काही पावडर कोरडीच तोंडात टाकतात. याने खरेच दम वाढतो का?
– भरतीची तयारी करणारा, बीड

उत्तर : हे इंजेक्शन बहुधा मेफेंटरमाइनचे असते. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ ते मोजून, मॉनिटरवर नजर ठेवून देतात. ते अँफेटामाइनच्या जातीचे उत्तेजक आहे. दम वाढत नाही, दमल्याची जाणीव मरते. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब चढतो, अंग तापते, आणि थांब म्हणून सांगणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. उन्हातल्या मैदानावर याचा शेवट हृदयाची लय बिघडण्यात किंवा मेंदूतल्या रक्तस्रावात होऊ शकतो. वारंवार घेणाऱ्यांना झोप लागत नाही, संशय येतो, कानात आवाज येऊ लागतात. एकच सुई चौघांनी वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

पावडर बहुधा प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची, असते आणि तिच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन सहज असते. किशोरवयीनांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित धरले आहे; ५५ किलोच्या मुलाला १६५. कोरडी टाकली की कॅफीन एकदम पोटात जाते आणि ठसका लागून पावडर श्वासनलिकेत शिरू शकते.

मैदानावर कुणाच्या छातीत दुखले, तो बडबडू लागला किंवा कोसळला, तर १०८ला फोन करा, त्याला सावलीत न्या आणि कुपी किंवा डबा सोबत द्या. पोलिसांच्या भीतीने काय घेतले ते लपवले तर डॉक्टरांचा वेळ फुकट जातो. आणि सवय लागलेल्याला सोडताना काही दिवस गळून गेल्यासारखे, उदास वाटते; तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे.

प्रश्न : ‘पूर्ण आयुर्वेदिक’ लिहिलेली मसल गेनर पावडर डोप टेस्टला चालते ना?
– एक कुस्तीपटू, सोलापूर

उत्तर : लेबलवरच्या शब्दाला नाडा, म्हणजे खेळाडूंची डोप चाचणी करणारी राष्ट्रीय संस्था, भीक घालत नाही. नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, त्याने ते जाणूनबुजून घेतलेले असो वा नसो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांआधी काही भारतीय कुस्तीगीर आणि जलतरणपटू मिथाइलहेक्झेनामाइन या उत्तेजकामुळे अडकले होते. हे द्रव्य पूरक पावडरींत मिसळलेले आढळते. मसल गेनरमध्ये स्टेरॉइड लपलेले असू शकते. वाढीच्या वयात त्याने हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची थांबते. पावडर सुरू केल्यावर महिन्याभरातच अंग भरले, पाठीवर मुरमे आली, स्तनाग्राखाली गाठ लागली, तर ती बंद करून डॉक्टरांना गाठा. डबा मात्र फेकू नका. उरलेली पावडर, बॅच क्रमांकाचा फोटो आणि बिल जपून ठेवा. सुनावणी झालीच तर तेवढाच पुरावा तुमच्या हाती असेल.