गोळी एक, औषधं दोन

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या मिस्टरांचं वय ६४. त्यांना बारा वर्षांपासून बीपी आहे. चार महिन्यांपूर्वी जिना चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. तपासण्या झाल्या आणि अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीतलं दुखणं, निघाला. तेव्हापासून बीपी आणि अंजायना दोन्हींसाठी मिळून एक गोळी सकाळी चालू आहे. छातीतलं दुखणं जवळजवळ थांबलं. पण आता संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटतो. नाडी ५६ च्या आसपास असते. घरच्या मशीनवर बीपी १२४/७६ येतं. हे म्हणतात, "बीपी नॉर्मल आहे, गोळीने पाय सुजतात, सोमवारपासून बंद." बंद केली तर चालेल का? घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांचे फोटो पाठवते आहे.
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र शुक्रवारी हाती आलं. सोमवार जवळ होता, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन करून "गोळी बंद करू देऊ नका" असं सांगितलं. का, ते आता नीट लिहिते. अशाच अर्थाची पत्रं मला वरचेवर येतात.

सकाळच्या त्या एका गोळीत दोन औषधं आहेत. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि अ‍ॅटेनोलॉल ५० मिलिग्रॅम. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे हृदयाला कमी जोर लावावा लागतो. अ‍ॅटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर, ते नाडी मंद ठेवतं आणि जिना चढताना हृदयाची प्राणवायूची गरज आटोक्यात ठेवतं. म्हणून ही जोडी बीपीलाही चालते आणि अंजायनालाही.

सूज येते ती अ‍ॅम्लोडिपिनमुळे. बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, मग दाब वाढून पाणी घोट्याशी झिरपतं. पण तुमचे मिस्टर गोळी टाकून देतील तेव्हा जाणार आहे दुसरंच औषध. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात रेंगाळतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. अ‍ॅटेनोलॉलला सहा-सात तास पुरतात. म्हणजे गोळी बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मशीनवर बीपी चांगलंच दिसेल, पण हृदयावरचा लगाम सुटलेला असेल. बीटा ब्लॉकर चालू असताना हृदयातले अ‍ॅड्रेनॅलिन टिपणारे बिंदू वाढलेले असतात. औषध अचानक गेलं की नेहमीचंच अ‍ॅड्रेनॅलिन त्यांच्यावर दुप्पट जोराने आदळल्यासारखं होतं. अंजायना उसळतो, कधी थेट हार्ट अटॅक येतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते घरी. माझ्या वडिलांना हीच जोडी होती. हर्नियाच्या ऑपरेशनआधी त्यांना कुणीतरी "सगळ्या गोळ्या तीन दिवस बंद" असं सांगितलं. मी तेव्हा इंटर्नशिप करत होते, घरापासून लांब. वडील रोज सकाळी एका छोट्या वहीत बीपी आणि नाडी लिहीत. ती वही माझ्याकडे आहे. नाडीच्या रकान्यात ५८, ६०, ५७ असे आकडे महिनोन्‌महिने खाली उतरत येतात आणि मग ७४, ८८, ९६. शेजारच्या रकान्यात बीपी १३०/८०, १३२/८०, १३४/८२. बीपी ठीक आहे म्हणून ते निश्चिंत होते. ९६ लिहिलं त्याच रात्री छातीत कळ आली आणि दोन दिवस आयसीयूत काढावे लागले. ते बरे झाले. पण त्या तीन आकड्यांवर माझी नजर अजून अडखळते. म्हणून सगळ्यांना सांगते, ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना गोळ्यांची नावं आधी सांगा. बीटा ब्लॉकर बहुतेक वेळा ऑपरेशनच्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. अ‍ॅटेनोलॉल थांबवायचंच झालं तर डॉक्टर एक ते दोन आठवडे डोस हळूहळू उतरवतात आणि त्या काळात दगदग करू नका म्हणतात.

आता तुमचे फोटो. ताई, ते पाठवलेत हे फार चांगलं केलंत. रात्रीच्या गोळीच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात वेगळंच नाव आहे, पण खाली बारीक अक्षरात अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम लिहिलं आहे. ही त्यांची बीपीची जुनी गोळी. सकाळी ५ आणि रात्री ५, म्हणजे दिवसाला १० मिलिग्रॅम पोटात जातं आहे. १० हा या औषधाचा सर्वांत मोठा नेहमीचा डोस, आणि डोस वाढला की सूजही वाढते. नवी गोळी सुरू होताना जुनी खोडायची राहून गेली, की डॉक्टरांनी मुद्दाम दोन्ही ठेवल्या, हे फोटोंवरून मला ठरवता येईना, म्हणून फोनवर तुमच्याच डॉक्टरांना विचारा म्हटलं होतं. तुम्ही शनिवारी विचारलंत, जुनी राहूनच गेली होती आणि आता बंद झाली आहे, हे ऐकून खरंच हायसं वाटलं. सूज लगेच जाणार नाही, दोन-तीन आठवडे धीर धरा. तरीही राहिली तर औषध बदलण्याचे मार्ग आहेत. या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही, ती आपल्या मनाने आणू नका. मात्र एकाच पायाला सूज आली, किंवा सुजेबरोबर धाप लागायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा.

तिसऱ्या फोटोत गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन आहे. ते बीपी वाढवतं, अंगात पाणी धरून ठेवतं आणि मूत्रपिंडावर ताण आणतं. अ‍ॅटेनोलॉल शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडातूनच. मूत्रपिंड मंदावलं की ते साठतं आणि नाडी आणखी उतरते. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी कधी झाली ते विचारा, आणि गुडघ्यासाठी दुसरं काय घेता येईल तेही.

नाडी ५६ ची मात्र धास्ती घेऊ नका. अंजायनात बीटा ब्लॉकर देतात तेव्हा ५५ ते ६० नाडी डॉक्टरांना हवीच असते. ५० च्या खाली गेली, किंवा चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फोन करायचा. सकाळची गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच घ्यावी, दोन नकोत.

ही गोळी घेणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, बीटा ब्लॉकरने श्वासनलिका आवळू शकते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र येतो, त्या घामाकडे लक्ष ठेवा. आधीपासून व्हेरापॅमिल किंवा डिल्टिअ‍ॅझेम ही बीपी-हृदयाची औषधं चालू असतील तर तेही सांगा. त्यात अ‍ॅटेनोलॉलची भर पडली की नाडी धोकादायक मंद होऊ शकते.

राहिली जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. ती कळ आल्यावरच घ्यायची, आणि बसून. उभ्याने घेतली तर बीपी एकदम उतरून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. एक गोष्ट पुरुष विचारायला संकोचतात, म्हणून मीच लिहिते : लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही, बीपी जीवघेणं उतरतं. अशा वेळी कळ आली तर थेट दवाखाना गाठायचा आणि तिथे काय घेतलं आहे ते स्पष्ट सांगायचं. अंजायना असलेल्याने ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

तुमच्या चौथ्या फोटोतल्या सॉर्बिट्रेटच्या पट्टीची मुदत संपलेली आहे, फोनवर ते सांगायचं माझ्याकडून राहिलं. आजच नवी आणा. एक पट्टी त्यांच्या खिशात आणि एक उशाशी ठेवा, आणि आणलीत की मला कळवा.